फुटक्या बांगडीचा रंग

टाकाऊ वस्तूंतही सौंदर्य दडलेले असते, हे मला चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये उमगले. तेथील कित्येक पुतळ्यांची वस्त्रे फुटक्या बांगड्यांची आहेत! हे शहर वसविताना जुनी गावे पाडली गेली. त्यांच्या ढिगाऱ्यांतील वस्तू वेचून, रस्त्यांच्या कामावरील निरीक्षक नेकचंद सैनी यांनी १९५७ च्या सुमारास सरकारी जंगलात गुपचूप ही सृष्टी आरंभिली. दिवसा नोकरी, रात्री निर्मिती! पुढे अधिकाऱ्यांना सुगावा लागला. परवानगी नव्हती, सारे जमीनदोस्त होण्याची वेळ आली. परंतु लोक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९७६ मध्ये उद्यान सर्वांस खुले झाले. १९८४ मध्ये नेकचंदांना पद्मश्री लाभली.

मुलांनो, फुटकी बांगडी केरात टाकण्यापूर्वी क्षणभर न्याहाळा. बांगडी फुटली, तरी तिचा रंग फुटलेला नसतो.