चिंध्यांची वाकळ

आपल्या होस्टेलात थंडीच्या दिवसांत रात्री अकराच्या सुमारास एक चक्कर मारून बघा. कॉटवर माणूस दिसणार नाही, नुसतं पांघरूण दिसेल. कुणाची सोलापुरी चादर, कुणाचं मऊमऊ ब्लँकेट, कुणाची घरून आलेली रजई. आणि चार-दोन कॉटवर 'ती' असतेच! पुण्या-मुंबईकडे तिला गोधडी म्हणतात, आमच्या परभणीकडे वाकळ. मेकॅनिकलच्या पोरानं वाकळीवर लेख लिहावा याचं आमच्या संपादकांनाही जरा नवलच वाटलं. पण गेल्या हिवाळी परीक्षेनंतरच्या सुट्टीत मी एक वाकळ शिवली, आणि त्या तीन आठवड्यांत जे शिकलो ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझं गाव चुडावा. तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. पूर्णा जंक्शन सोडून गाडी नांदेडकडे निघाली की चुडावा लागतं, मग लिंबगाव, मग नांदेड. एक्सप्रेसमधून जाणाऱ्यांना आमच्या स्टेशनची पाटी दिसते, पण वाचेपर्यंत मागे जाते. गावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे, भोवती कापूस-सोयाबीनची रानं आहेत आणि गेल्या डिसेंबरपर्यंत आमच्या अण्णांचं टेलरिंगचं दुकान होतं.

सव्वीस वर्षं अण्णांनी ते चालवलं. पूर्ण्याच्या रेल्वेवाल्यांचे गणवेश, शाळेच्या पोरांच्या खाकी चड्ड्या, १४ एप्रिलच्या आधी पांढऱ्या सदऱ्यांची घाई, ईदला पठाणी, लग्नसराईत तर रात्रभर मशीन. मग हळूहळू पोरं नांदेडला जायला लागली आणि येताना पिशवीत तयार जीन्स आणायला लागली. अण्णांच्या हाती उरलं ते चेन बसवणं आणि पॅन्ट आखूड करणं. शेवटी भाडं अंगावर यायला लागलं. एक मशीन विकलं, एक घरी आणलं, आणि अण्णांनी नांदेडच्या एका रेडिमेडच्या दुकानात अल्टरेशनचं काम धरलं. रुजू व्हायचं होतं जानेवारीच्या शेवटी. माझी सेमिस्टरची फी त्याच्या आधीच भरून झालेली होती. ती कुठून आली हे मी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. दुकानात एक मशीन कमी दिसलं, तेव्हा समजलं.

दुकान रिकामं करताना मागच्या बाजूला निघाली पाच पोती. चिंध्या! कापड बेतताना कडेची जी अरुंद कातरण उरते ती. दोन बोटं रुंद, हातभर लांब. भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला. अण्णा काही बोलेनात. मग आज्जीच बोलली, "इकू नको लेका. वाकळ करू."

खरं म्हणजे नेहमीची वाकळ अशी नसते. जुनं लुगडं खाली अंथरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, मध्ये जुन्या धोतरांचे-चादरींचे धडपे पसरायचे, वरून दुसरं लुगडं घालायचं आणि कडेपासून धावदोरा घालत, चौकोनात चौकोन काढत मध्यापर्यंत यायचं. पण दोन बोटांच्या पट्ट्या अशा कशा पसरणार? आज्जीनं तोड सांगितली. "धोतराचे चौकोन फाड. त्याच्यावर पट्ट्या बसव."

पाच फूट बाय सात फुटांची वाकळ ठरली. म्हणजे फूटभराचे पस्तीस चौकोन. शिवणीत जाणारं धरून तेरा इंची तुकडे फाडले. पहिली पट्टी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी ठेवायची, सुलट बाजू वर. दुसरी तिच्यावर पालथी घालायची, कडेला कड लावून. पाव इंचावर मशीन मारायची, मग पट्टी उलटून नखानं दाबायची. की तिसरी. असं करत दोन्हीकडचे कोपरे भरले की चौकोन पालथा करून बाहेर आलेली टोकं कापून टाकायची. एका चौकोनाला दहा-अकरा पट्ट्या, म्हणजे एकूण पावणेचारशेच्या आसपास. मधली पट्टी प्रत्येक चौकोनात खाकीच घेतली, शाळेच्या चड्ड्यांची. त्यामुळे चार चौकोन जोडले की आपोआप खाकी शंकरपाळा तयार होतो. पायमशीन असल्यामुळे लाईट गेली तरी काम थांबत नव्हतं.

आता इंजिनिअरिंगवाल्यांसाठी थोडं. विणलेलं कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यात ओढलं तर फारसं ताणत नाही, पण तिरकं ओढा, रबरासारखं लांबतं. टेलर लोक त्याला 'क्रॉस' म्हणतात, आपण शिअर म्हणू. आपल्या चौकोनात पट्ट्या तिरक्या बसतात, म्हणजे चौकोनाच्या चारही कडांना कापड क्रॉसमध्ये येतं. नुसत्या पट्ट्या जोडल्या असत्या तर चौकोनाचा पापड झाला असता. खालचं धोतर सरळ धाग्यात आहे, ते कडांना धरून ठेवतं. एका थराची खोड दुसऱ्या थरानं सांभाळायची, हेच तर आपण कॉम्पोझिटमध्ये शिकतो. शिवाय फाटलंच, तर फाट पहिल्या शिवणीपाशी अडखळते. भेग पुढे जाऊ नये म्हणून काय करतात, हा व्हायव्हाचा प्रश्न आज्जीला कधीच पडला नाही.

आणि ऊब? ती कापडापेक्षा हवेची. स्थिर हवेची उष्णतावाहकता जेमतेम ०.०२५ वॅट प्रति मीटर-केल्विन. थराथरांत अडकलेली हवा हलू द्यायची नाही, हे धावदोऱ्याचं काम. टाके फार दाट घातले तर थर चेपतात आणि हवा निघून जाते, फार विरळ घातले तर आतले धडपे गोळा होतात. बोटभर अंतर, हे आज्जीचं माप. परभणीच्या कृषी विद्यापीठात डिसेंबरमध्ये पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा हे माप कामी येतं.

पट्ट्या निवडताना एक परीक्षा घ्यावी लागायची. धागा काढून काडीपेटीवर धरायचा. कागदासारखा वास आला आणि मऊ राख झाली तर सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. दोन्ही झालं तर टेरिकॉट, आणि आमच्या पोत्यांत टेरिकॉटच जास्त. आज्जीचा त्यावर राग. "टेरिकाट आंगाला लागू देऊ नको, घाम पीत नाही ते. वर घाल." म्हणून अंगाकडच्या बाजूला तिचं स्वतःचं जुनं सुती नऊवारी आलं. सुती पट्ट्या आधी धुऊन घेतल्या, नाहीतर नंतर त्या आटतात, टेरिकॉट आटत नाही आणि चौकोन चुण्या धरतो.

पहिले तीन दिवस अण्णा ओसरीकडे फिरकलेही नाहीत. चौथ्या दिवशी चहाचा कप घेऊन आले, उभ्याउभ्याच एक पट्टी उचलली आणि म्हणाले, "ही बँडवाल्यांच्या कोटाची." मग खाली बसले. हळूहळू पोतं बोलायला लागलं! ही सरपंचाच्या पोरीच्या लग्नातली. ही निळी, जयंतीच्या झेंड्यांची. ही हिरवी उरुसाच्या वेळची. ही भगवी सप्त्याची. ही बारीक ठिपक्यांची पॉपलीन, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मास्क शिवले त्यातली. एक करड्या रेघांची पट्टी त्यांनी बराच वेळ हातात धरली. एका म्हाताऱ्यानं सदरा टाकला होता आणि न्यायच्या आधीच तो वारला. सदरा पोरानं नेला. शिलाई अण्णांनी घेतली नाही. माझे वडील कमी बोलतात. त्या दुपारी ते जेवढं बोलले तेवढं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. सव्वीस वर्षांत त्यांनी हिशेबाची वही नीट कधीच ठेवली नाही असं आई म्हणते. वही होती, फक्त ती पोत्यात होती.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आज्जीला लांबचं दिसतं, पण सुई ओवता येत नाही. ओवायला मी, टाके तिचे. शेजारच्या दोघी-तिघी दुपारी येऊन बसायच्या आणि एकेक ओळ घालून जायच्या. शेवटी कडेची मगजी मात्र अण्णांनी कुणाला लावू दिली नाही. स्वतः मशीनवर बसले. चारही कोपरे असे वळवले की शिवण कुठून सुरू झाली ते सापडत नाही. पाच पोत्यांतलं अर्धं पोतंही संपलं नव्हतं.

होस्टेलवर परत आल्यावर लायब्ररीत थोडं वाचलं. उत्तर कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाज आहे, आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. त्यांच्या बायकाही चिंध्यांची 'कवंदी' शिवतात आणि कोपऱ्यांवर कापडाची 'फुलं' लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते म्हणे. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका शेतातल्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. २००२ साली त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि २००६ साली त्या गोधड्या तिथल्या पोस्टाच्या तिकिटांवर आल्या. ज्यांच्याकडे नवं कापड नव्हतं, त्यांनी सगळीकडे एकच युक्ती काढलेली दिसते.

पण सगळ्यात गंमत वाटली ती पानिपतची. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ आठवतं. पण आज ते शहर ओळखलं जातं जुन्या कपड्यांसाठी. परदेशातले टाकून दिलेले लोकरी कपडे तिथं येतात, फाडून-पिंजून त्यांचं पुन्हा सूत होतं आणि त्या सुताची स्वस्त ब्लँकेटं बनतात. म्हणजे आपल्यापैकी कुणाच्या कॉटवर तसलं ब्लँकेट असेल तर तीही एक वाकळच की! कुणाचा तरी कोट, कुणाचा तरी स्वेटर. फरक एवढाच, की कुणाचा ते विचारायला कुणी उरलेलं नाही. आमच्या वाकळीतली प्रत्येक पट्टी कुणाची ते अण्णांना ठाऊक आहे. मला वाटतं वाकळीची खरी किंमत काटकसरीत नाही, या ओळखीत आहे. तयार कपड्याबरोबर टेलर जातो, हे सगळ्यांना दिसतं. त्याच्याबरोबर गावाला मापासकट ओळखणारा एक माणूसही जातो, हे मला त्या ओसरीवर कळलं.

आता अण्णा रोज सकाळच्या गाडीनं नांदेडला जातात. रेडिमेडच्या पॅन्टी सगळ्यांनाच लांब होतात, त्यामुळे दिवसभर खालचे दोन-तीन इंच कापायचे आणि टीप मारायची. ते कापलेले तुकडे मालकाला विचारून पिशवीत घालून आणतात. काळे, निळे, करडे. आज्जीनं दुसऱ्या वाकळीसाठी धोतर फाडून ठेवलंय. पण एकेक तुकडा हातात घेऊन ती विचारते, "हे कुणाचं रे?" आणि अण्णांना सांगता येत नाही.

तेव्हा मित्रांनो, एक विनंती. नवी पॅन्ट आखूड करून आणलीत तर कापलेला तुकडा टाकू नका. माझ्या रूमवर आणून द्या. सरांनी दिला तरी चालेल, मेसच्या काकांनी दिला तर फारच छान. फक्त देताना आपलं नाव आणि गाव तेवढं सांगा. आज्जी विचारणार आहे.