आखूड तलवार

माझ्या पुतण्याने स्वतःसाठी तलवार घडवून घेतली आहे, हे ऐकले तेव्हा मला प्रथम हसूच आले. पिरिअस बंदरातल्या एका जहाज कंपनीत हिशेब तपासणारा हा माणूस. लहानपणी पेन्सिलीला टोक करताना बोट कापून घेऊन घर डोक्यावर घेणारा! मी महिनाभर त्याच्याकडे पाहुणा म्हणून गेलो होतो. "काका, शनिवारी तलवार आणायला जायचंय. तुम्ही बरोबर हवेत," असे तो म्हणाला, आणि निघालो झाले.

वाटेत अथेन्सच्या मोनास्तिराकी भागात उतरलो. तिथल्या जुन्या बाजारातल्या एका रस्त्याचे नाव 'इफेस्तू', म्हणजे हिफीस्टसचा रस्ता. हा ग्रीकांचा लोहारदेव. बाकीचे देव देखणे, धडधाकट. हा बिचारा एका पायाने लंगडा, घामाने निथळणारा. पण गंमत अशी, की देखण्या देवांची देवळे ढासळली आणि ह्या लंगड्याचे देऊळ जुन्या चौकाशेजारच्या टेकाडावर इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकापासून खांबांसकट उभे आहे. कष्टकऱ्याची हाडे चिवट असतात, असे मी म्हणालो. पुतण्या हसला नाही. त्याचे लक्ष पुढे होते.

कारागिराची भट्टी शहराबाहेर होती. माणूस साठीचा, अबोल. त्याने फडक्यात गुंडाळलेली वस्तू आणून ओट्यावर ठेवली आणि फडके उलगडले. माझी निराशा झाली. तलवार म्हणून जे पुढे आले ते माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंतच्या अंतराहून थोडेसेच लांब होते!

पण दुसऱ्यांदा पाहिले आणि डोळा हलेना. आंब्याचे पान देठाशी धरून पुढे करावे तसे ते पाते. मुठीजवळ अरुंद, पुढे हळूहळू भरत गेलेले आणि टोकाशी एकदम निमुळते. दोन्ही बाजूंना धार. पानाला शीर असावी तशी मधोमध एक उंच रेघ. ह्या जातीच्या तलवारीला ग्रीक लोक 'झिफॉस' म्हणत. पात्याची रुंदी पुढच्या भागात ठेवली की वजनही पुढे जाते, आणि हात आखूड फिरला तरी घाव जड बसतो. मूठ हाडाची, साधी. नक्षीचे नाव नाही.

कारागिराने खुणांनी, आणि पुतण्याने मराठीतून, सगळी कृती सांगितली. पोलाद तापवायचे, ठोकायचे, पुन्हा तापवायचे. शेवटी तेलात बुडवून पाणी द्यायचे. आपल्याकडे 'पाणी देणे' हा शब्द आहे, आणि होमरलाही ही गोष्ट ठाऊक होती. एकाक्ष राक्षसाचा डोळा जळतानाच्या आवाजाला त्याने लोहाराने थंड पाण्यात बुडवलेल्या तापल्या कुऱ्हाडीची उपमा दिली आहे. असली उपमा लोहाराच्या दाराशी बराच वेळ उभा राहिलेल्या माणसालाच सुचावी.

"इतकी आखूड का?" मी शेवटी विचारलेच.

मग पुतण्या खुलला. ग्रीक पायदळाचे खरे शस्त्र म्हणजे दोन-अडीच मीटरचा भाला. डाव्या हातात जवळजवळ वावभर... नव्हे, एवढे नाही, मीटरभर रुंद गोल ढाल. तलवार डाव्या काखेखाली पट्ट्याने लटकलेली असे. भाला मोडला, ढालीला ढाल भिडली, की त्या गर्दीत लांब पाते फिरवायला जागाच नाही. तिथे हे कामाचे. स्पार्टाच्या लोकांची तलवार तर आणखी आखूड. एका अथेन्सकराने त्यावरून थट्टा केली, तेव्हा स्पार्टाच्या एजिस राजाने उत्तर दिले, की एवढ्यानेही आम्ही शत्रूपर्यंत पोचतो. प्लूटार्कने ही हकिकत नोंदवून ठेवली आहे.

"आणि थर्मोपिली?" मी म्हणालो.

"इसवी सनापूर्वी ४८०. भाले मोडल्यावर तलवारीच उरल्या होत्या," तो म्हणाला. "पण काका, पडवीत ती गोष्ट सांगताना तुमची तलवार फार लांब होती!"

मी गप्प झालो. तो नऊ वर्षांचा असताना मी आजोबांची तलवार हातात घेऊन ती लढाई सांगितली होती. ती धोप, सरळ, लांब पात्याची. पाते बहुधा फिरंगी, मूठ आपली. दर खंडेनवमीला ती मी पुसायची, तेल लावायचे, पाटावर मांडायची. २००९ साली घराच्या वाटण्या झाल्या आणि तलवार दादाकडे गेली. जमिनीबद्दल मी ब्र काढला नाही. पण तलवारीवरून बोलू नये ते बोललो. दादाही बोलला. त्यानंतर लग्नकार्यात समोरासमोर आलो तर एकमेकांच्या बुटांकडे पाहत असू.

"दादा ती काढतो का खंडेनवमीला?" मी तलवारीच्या धारेकडे पाहत विचारले.

"म्यानासकट पुजतात. गंजून आत अडकलीय. ओढायला घाबरतात, पातं मोडेल म्हणून." मग जरा थांबून तो म्हणाला, "तो असता तर त्यानं काढली असती, एवढंच म्हणतात."

ही तलवार आणायला मी का हवा होतो, ते तेव्हा माझ्या ध्यानात आले. पोरगा हिशेबात पक्का!

मी कारागिराला अडकलेल्या तलवारीबद्दल विचारले. त्याने हातवारे करून दाखवले: म्यानाच्या तोंडाशी पातळ तेल थेंब थेंब सोडा, उभी ठेवा, काही दिवस थांबा; लाकडाने हलके ठोका; पिळू नका, हिसकू नका. त्याने तीनदा सांगितले. म्हाताऱ्यांच्या घाईचा त्याला अनुभव असावा.

भट्टीबाहेर ऑलिव्हच्या झाडाखाली पुतण्याने फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून दादाचा "हॅलो" आला. मी काय बोलावे हे ठरवले नव्हते. मी सरळ तेलापासूनच सुरुवात केली. थेंब थेंब सोडायचे, उभी ठेवायची, थांबायचे. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

"खोबरेल चालेल का?" दादाने विचारले.

"छे, थंडीत गोठेल," मी म्हणालो. "शिवणयंत्राचं आण. आणि मी आल्याशिवाय ठोकू नकोस."