दसऱ्याचा वाफा

लोक काय काय घेऊन यायचे! घाम फुटलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुलाबाची पानं, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत अजून पाय झाडणारा किडा, बुटाच्या खोक्यात लॉनचा चौकोनी तुकडा मुळांसकट. एका गृहस्थांनी तर गाडीच्या टपावर बांधून अख्खी फांदी आणली होती. ती दारातून आत येईना, म्हणून आम्हीच भिंगं घेऊन पार्किंगमध्ये गेलो. मध्य न्यू जर्सीतल्या आमच्या काउंटीच्या शेतकी कार्यालयात एक लांब टेबल होतं, दोन फोन होते, एक सूक्ष्मदर्शक होता आणि त्यांच्यामागे आम्ही, बिनपगारी मास्टर गार्डनर.

मी मूळची कराडकडची. घरी ऊस, त्यामुळे शेती म्हणजे वडीलधाऱ्या माणसांची कटकट, एवढंच डोक्यात. इथे आल्यावर वर्षानुवर्षं विमा कंपनीच्या कचेरीत आकडे जुळवले. मुलं कॉलेजला गेली, नोकरी अर्धवेळ झाली आणि घर खायला उठलं, तेव्हा लायब्ररीतल्या फळ्यावर एक कागद दिसला: रटगर्स विद्यापीठ बागकाम शिकवणार, त्या बदल्यात तुम्ही लोकांना शिकवायचं. फी थोडकी, पण अभ्यास करून झाला की ठरलेले तास समाजासाठी राबून फेडायचे. हा व्यवहार मला फार आवडला. उसनं घेतलेलं परत करायचं, हे आमच्या घरात बाळकडूच होतं.

या प्रकाराची सुरुवात इथली नव्हे, पार पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यातली. अमेरिकेत १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्यापासून विद्यापीठातलं शेतीचं ज्ञान काउंटी-काउंटीतल्या कृषी अधिकाऱ्यांमार्फत शेतकऱ्यांपर्यंत पोचवायची सोय आहे. पण शहरं पसरत गेली, शेतं गेली, घरामागची अंगणं आली आणि अधिकाऱ्यांचे फोन शेतकऱ्यांऐवजी टोमॅटोची चार रोपं लावणाऱ्यांनी अडवून ठेवले. सिएटल-टकोमा भागात डेव्हिड गिबी नावाचे अधिकारी या फोनांनी पुरते बेजार झाले. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी डोकं लढवलं: हौशी बागवाल्यांनाच नीट शिकवून लोकांपुढे बसवायचं. १९७२मध्ये टकोमाच्या मॉलमध्ये टेबल मांडून पाहिलं, लोकांची रीघ लागली. १९७३मध्ये पहिला रीतसर वर्ग भरला. आज बहुतेक राज्यांत हे गट आहेत. १९७३ हेच आपल्या कालनिर्णयचंही जन्मवर्ष. हे मी उगीच सांगत नाहीये, पुढे त्याचं काम आहे.

वर्गात आम्ही सगळे केस पिकलेले विद्यार्थी. माती, वनस्पतींची शरीररचना, कीड, रोग, हिरवळ, खतं, फवारणीतली खबरदारी. पहिलाच तास मातीचा होता. शिकवणारे प्राध्यापक मूठभर माती टेबलावर ओतून म्हणाले, हिला कमी लेखू नका, याच विद्यापीठाच्या परिसरातल्या मातीतल्या जंतूपासून १९४३मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. सेलमन वॅक्समन यांना पुढे १९५२मध्ये नोबेल मिळालं. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष खपलेला अल्बर्ट शॅट्झ हा विद्यार्थी मात्र नोबेलच्या वेळी बाजूला राहिला. आमच्या आळीत क्षयाच्या माणसाला ज्या इंजेक्शनांनी जीवदान मिळालेलं मी लहानपणी ऐकलं होतं, त्यांचं माहेर माझ्या घरापासून अर्ध्या तासावर निघालं. त्या दिवशी घरी जाऊन मी मागच्या अंगणात जरा जपूनच पाय टाकला.

दुसरी गंमत किडींच्या तासाला. पडद्यावर एक पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी आली आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "हुमणी!" सगळे वळून बघायला लागले. ती जपानी भुंगेऱ्याची अळी होती. हा हिरवा-तांबूस, चकचकीत भुंगेरा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो १९१६ साली, न्यू जर्सीतल्याच रिव्हर्टनजवळच्या एका रोपवाटिकेत. अळी हिरवळीची मुळं खाते, भुंगेरा गुलाबाची पानं. आमच्याकडची हुमणी उसाची मुळं खाते आणि तिचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर रात्री कडुनिंबावर, बाभळीवर येतात. आजोबा कंदील घेऊन फांद्या हलवायला लावायचे. आम्ही पोरं खाली पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचो. इथे सल्ला काय, तर सकाळी गारव्यात भुंगेरे सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्यात झटकून टाका. मी वर्गाला आजोबांची पद्धत सांगितली. प्राध्यापकांनी ती वहीत टिपून घेतली. आजोबा हयात असते तर गावभर सांगत फिरले असते.

गटातली माणसं हे तर वेगळंच प्रकरण. इटालियन वळणाचे एक म्हातारे होते, त्यांना मी मनातल्या मनात टोमॅटोआजोबा म्हणायची. जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या, नखांतलं काळं तेल निवृत्तीनंतर मातीनं बदललं, एवढंच. न्यू जर्सीचा माणूस टोमॅटोवरून भांडतो, हे मला त्यांनी शिकवलं. 'रटगर्स' हा टोमॅटो १९३४चा, लायमन शेर्मरहॉर्न यांनी तयार केलेला. सूपच्या डब्यांसाठी तो इतका चालला की वर्षानुवर्षं देशभर त्याचंच राज्य होतं. आजोबांचं प्रेम मात्र १९६८च्या 'रमापो'वर. तो गोड-आंबट नेमका, पण बियाणं कंपन्यांनी काढणं बंद केलं. लोक विद्यापीठाला वर्षानुवर्षं फोन करून विचारत राहिले, आमचा रमापो कुठे गेला? अखेर २००८मध्ये विद्यापीठानं बियाणं पुन्हा आणलं. त्या वर्षी आजोबांनी बियांची पाकिटं अशी वाटली, जशी नातवाच्या बारशाची मिठाई. ऑगस्टअखेर पिट्सटाउनच्या स्नायडर फार्मवर टोमॅटो चाखायचा मेळा भरे. टेबलांवर डझनांनी जाती कापून ठेवलेल्या, लाल, पिवळ्या, जांभळट, हिरव्या पट्ट्यांच्या. आम्ही स्वयंसेवक सुऱ्या घेऊन उभे. आजोबा प्रत्येक फोड तोंडात टाकून डोळे मिटायचे आणि शेवटी निकाल एकच: रमापो. बाकीच्यांना त्यांनी उगाच का चाखलं, हे विचारायची सोय नव्हती.

दुसऱ्या एक निवृत्त गणिताच्या शिक्षिका. फोनवर आलेला प्रत्येक प्रश्न त्या वहीत रकाने आखून लिहीत: तारीख, झाड, लक्षण, उत्तर, पुन्हा फोन करायचा का. आमचा एक कडक नियम होता, अंदाजानं काही सांगायचं नाही. माहीत नसलं तर "शोधून कळवते" म्हणायचं, विद्यापीठाची माहितीपत्रकं उघडायची, तरीही अडलं तर पान प्रयोगशाळेत पाठवायचं. आणि अळंबीबद्दल कुणी "खाऊ का?" विचारलं, तर काही झालं तरी "हो" म्हणायचं नाही. या नियमावर गणितबाईंची फार निष्ठा. समोरचा माणूस गयावया करी, "नुसतं बघून सांगा ना", बाई चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "बघितलं. आता शोधून कळवते."

फोनांनाही हंगाम असे. मार्चमध्ये मातीपरीक्षणाचे: सामू किती, चुनखडी घालायची का. जूनमध्ये भुंगेरे. ऑक्टोबरमध्ये ढालीच्या आकाराचा तो तपकिरी, वास मारणारा ढेकूण, जो थंडी लागली की घरात घुसतो. तो १९९८मध्ये शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला पहिल्यांदा सापडला आणि मग आमच्याकडे लोकांच्या पडद्यांवर येऊन बसला. २०१२च्या ऑक्टोबरअखेर सँडी वादळ आलं, त्यानंतर कित्येक आठवडे फोनवर फक्त उन्मळलेली झाडं. शेवटच्या काही वर्षांत ठिपकेवाला लँटर्नफ्लाय. पेनसिल्व्हेनियात २०१४, न्यू जर्सीत २०१८. दिसला की चिरडा, असा सरकारी आदेशच. शाळकरी मुलांना एरवी किडे मारू नका म्हणून सांगणारे आम्ही, त्यांना बूट आपटायला शिकवत होतो. मुलांना हा तास फार आवडला.

हळूहळू कार्यालयात माझी आणखी एक ओळख झाली. एडिसन, आयझेलिनकडच्या आपल्या लोकांना कुणीतरी सांगितलं की तिथे एक मराठी बाई बसते. मग माझ्या वारी फोनवर तुळस, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता. बहुतेक फोन त्या आयांचे, ज्या सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे येतात आणि दिवसभर रिकाम्या घरात काय करणार, म्हणून मागे दुधी लावतात.

"अहो ताई, दुधी धरतोय हो, पण बोटाएवढा झाला की पिवळा पडून गळतोय. खत कमी पडतंय का?"

"मावशी, संध्याकाळी वेलाजवळ जाता का?"

"इश्श, अंधारात कशाला जाऊ?"

तिथेच उत्तर होतं. दुधीची पांढरी फुलं उमलतात संध्याकाळी, परागीकरणाचं काम रात्रीच्या पतंगांचं. दिवसा मधमाश्या भोपळ्यावर नाचतात, त्याचा दुधीला उपयोग नाही. मी सांगायची, दिवेलागणीला टॉर्च घेऊन जा, लांब देठाचं नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवा आणि ज्या फुलामागे इवला दुधी दिसतो, त्याच्या मधोमध हलकेच फिरवा. पुढच्या आठवड्यात फोन, "धरला!" मग दुसरं दुःख: दुधी उतरायचे दिवस आले की मावशींचं परतीचं तिकीट. अशा कित्येकींनी जाताना सुनेला वेलाची नुसती जबाबदारी नाही, तारीखवार टिपण दिलेलं मला माहीत आहे.

कढीपत्त्याचं प्रकरण नाजूक. फ्लोरिडातल्या बहिणीकडून रोप आणू का, असं कुणी विचारलं की मला "नको" म्हणावं लागे. लिंबूवर्गीय झाडांचा हिरवेपणाचा रोग पसरवणारा सिला किडा कढीपत्त्यावर आनंदानं राहतो. तो रोग २००५मध्ये फ्लोरिडात सापडला आणि त्यानं तिथल्या संत्र्यांची दैना केली. म्हणून त्या भागातून रोपं हलवायला बंदी. परवानाधारक रोपवाटिकेतून घ्या, हिवाळ्यात खिडकीशी ठेवा, पाणी बेतानं. समोरून उसासा यायचा. पोह्यांवर ज्याचं राज्य, त्याच्यावर सरकारी बंदी, हे पचायला जडच.

मे महिन्यात मदर्स डेच्या आसपास आमची रोपविक्री. त्यानंतरच इथे थंडीची भीती जाते, म्हणून सगळा गाव त्या दिवशी रोपं न्यायला येतो. पाय तुटेपर्यंत उभं राहायचं आणि मिळालेले पैसे शाळांच्या बागांना द्यायचे.

आणि मग झेंडू. आमच्या प्रात्यक्षिक बागेत भाजीच्या वाफ्यांभोवती बुटका झेंडू लावायची रीत होती. त्याच्या मुळांमुळे मातीतले काही सूत्रकृमी आटोक्यात राहतात, असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो. मी एका वर्षी म्हटलं, एक वाफा उंच, गेंदेदार झेंडूचा लावू या, मला फुलं हवीत. कशाला? तर दाराला, गाडीला, टाइपरायटरला. बैठकीत शांतता. मग मी दसरा समजावून सांगितला: अवजारांची पूजा करतात. टोमॅटोआजोबा एकदम ताठ बसले. पान्हा, स्क्रूड्रायव्हर चालतो का? मी म्हटलं, चालतो काय, तोच तर मान. वाफा मंजूर.

त्या दसऱ्याला बागेच्या शेडमध्ये खुरपी, फावडी, कातऱ्या धुऊन ओळीनं मांडल्या, आजोबांनी आपला जुना पान्ह्यांचा संच आणला, मी हळदकुंकू वाहिलं आणि तोरण बांधलं. आपट्याची पानं मिळणार नव्हती, त्यामुळे सोनं वाटलं ते रमापोच्या बियांच्या पाकिटांचं. आजोबांची कल्पना.

अडचण एकच. दसरा दरवर्षी हलतो. कधी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, तेव्हा चिंता नाही. पण कधी पंचवीस तारखेच्या आसपास, आणि आमच्याकडे साधारण तेव्हाच पहिलं दव गोठतं. एका रात्रीत झेंडू काळा. म्हणून मी कार्यालयाच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलं. फेब्रुवारीच्या नियोजनाच्या बैठकीत आधी दसऱ्याची तारीख बघायची, मग पेरणी ठरवायची: लवकर असला तर एप्रिलमध्ये घरात रोपं, उशिरा असला तर जूनमध्ये आणखी एक पेरणी, शिवाय रात्री झाकायला जुन्या चादरींची यादी.

गणितबाईंना अधिक महिना फार भावला. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्षापेक्षा अकराएक दिवसांनी आखूड, म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी एक महिना जास्तीचा. त्यांनी फळ्यावर आकडेमोड मांडून सगळ्यांना शिकवलं, माझ्यापेक्षा चांगलं. पुढे दर फेब्रुवारीत त्याच उठून कालनिर्णयची पानं उलटत आणि त्यांच्या उच्चारात मोठ्यानं विचारत, "यंदा अधिक आहे?"

मी हो म्हटलं की मागून आजोबांचा प्रश्न ठरलेला: महिना जास्तीचा असेल, तर तो टोमॅटोला का मिळत नाही?