उन्हाचे व्याकरण

मराठी भाषेला उन्हाच्या नाना छटा ठाऊक आहेत. ऊन कोवळे असते, तिरपे असते, रणरणते असते. हिवाळ्यात ते अंगावर घेतले जाते, सायंकाळी उन्हे उतरतात, आणि जाणता माणूस आपण किती उन्हाळे-पावसाळे पाहिले ते सांगतो. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’चा आरंभच ग्रीष्माने होतो, दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) ऐन उन्हाळ्यातही निसर्गाचे वैभव शोधते. परंतु उन्हाकडे पाहणारी ही दृष्टी बहुधा सावलीत उभी असते. निरालांनी ‘तोड़ती पत्थर’ या कवितेत अलाहाबादच्या रस्त्यावर खडी फोडणारी स्त्री पाहिली आणि तिच्या माथ्यावर एकाही झाडाची छाया नाही हे नोंदवले, तेव्हा भारतीय कवितेतले ऊन वेगळे झाले. मराठीत नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ने (१९६६) कामगाराला कवितेच्या मध्यभागी आणले, तथापि त्या कवितेचे गाव मुख्यतः गिरणगाव होते. उघड्यावरचा बांधकाम मजूर साहित्यात आजही तुरळकच भेटतो.

हा मजूर सकाळी नाक्यावर उभा राहतो, मुकादमाने निवडले तर कामावर जातो. स्लॅबचे काम एकदा सुरू झाले की ते मध्येच थांबवणे इष्ट नसते. म्हणून भर दुपारीही घमेल्यांची रांग चालू राहते. वरून सूर्य, खालून तापलेला पत्रा, हाताला चटका देणारी सळई, आणि या साऱ्यांत श्रमणाऱ्या स्नायूंची स्वतःची उष्णता. ती बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. पण निथळणारा घाम अंग निववीत नाही, वाळणारा घाम निववतो. मुंबईच्या दमट हवेत तो वाळत नाही. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो इतक्या लवकर वाळतो की किती पाणी आणि मीठ गेले हे कळतही नाही. आधी पेटके येतात, भोवळ येते. शरीराचे आतले तापमान ४० अंशांपलीकडे गेले की बोलणे असंबद्ध होते, शुद्ध हरपते. उष्माघात तो हाच. त्याखेरीज वर्षानुवर्षांचे मुकाट नुकसान वेगळेच : मूत्रपिंडे झिजतात, मोतीबिंदूचा धोका वाढतो. सावळी कातडी त्वचेच्या कर्करोगापासून पुष्कळ रक्षण करते, उष्णतेपासून नव्हे. स्त्रियांची अडचण तर बोलण्यातही येत नाही. आडोसा नसतो, म्हणून त्या पाणीच कमी पितात. बांधकामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि शौचालय पुरवण्याचे बंधन १९९६च्या कायद्याने मालकांवर घातले, यावरूनच ही उणीव किती जुनी हे दिसते.

इथे एक विसंगती डोळ्यांत भरते. नव्या स्लॅबला उन्हाने तडे जातात, हे बांधकामाच्या जागी सर्वांना ठाऊक असते. म्हणून त्यावर आळी करून पाणी साठवतात, खांबांना ओले गोणपाट गुंडाळतात. काँक्रीट किमान ७ दिवस, आणि हवा कोरडी व उष्ण असेल तर किमान १० दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते. ते ओले ठेवणाऱ्याच्या घशाची काळजी मात्र पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या बाटलीवर सोपवलेली असते.

मराठीत म्हणतात, ‘त्याला ऊन लागले.’ तहान लागते, भूक लागते, तसेच ऊन लागते. या वाक्यात कर्ता ऊन आहे. कामाची वेळ ठरवणारा त्यात कुठेच नाही. परांचीवर भोवळ येऊन कोणी कोसळला तर नोंद ‘उंचावरून पडून’ अशी होते, आणि मग ऊनही वाक्यातून निघून जाते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. तिचे बळी मोजण्यासाठी अभ्यासकांना त्या महिन्यातील सर्व मृत्यूंची तुलना इतर वर्षांशी करावी लागली, तेव्हा १३४४ मृत्यू अधिक निघाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. मोजल्याशिवाय कर्ता सापडला नाही.

उपाय गहन नाहीत : पहाटे काम, दुपारी सावली, हाताशी पाणी, आणि विश्रांतीच्या वेळेचा पगार. शेवटचे कलमच अवघड आहे. ‘दुपारी घराबाहेर पडू नये’ ही सूचना घरात राहणे ज्याला परवडते त्याच्यासाठी असते. काम उक्ते असले की बसलेली प्रत्येक घटका मजुराच्याच खिशातून जाते.

‘हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत,’ असे वडीलधारी माणसे ऐटीत म्हणतात. उन्हात गेलेले आयुष्य म्हणजे काही न शिकता गेलेले आयुष्य, असे त्यात गृहीत धरलेले असते. पण ज्याचे केस खरोखरच उन्हात पांढरे झाले असा म्हातारा गवंडी शेजारच्या नवख्या बिगाऱ्याची जीभ अडखळताच थापी खाली ठेवतो, पोराला पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवतो आणि त्याच्या डोक्यावर ओले फडके टाकतो. ते ज्ञान उन्हातच मिळालेले असते. त्याच्याजवळ ज्ञान आहे. काम थांबवण्याचा अधिकार नाही.