व्हाइस सिटी, दुसऱ्यांदा

‘व्हाइस सिटी’ निन्टेन्डो स्विचवर सुरू केली की जुन्या खेळाडूला सगळ्यात आधी खटकतं ते एवढंच, की इथे कीबोर्ड नाही. मे २००३ मध्ये हा गेम कॉम्प्युटरवर आला आणि पुढची काही वर्षं सायबर कॅफेत किंवा घरच्या पीसीवर ज्यांनी तो खेळला, त्यांची बोटं आजही ‘पँझर’ हा शब्द न बघता टाइप करतील. धावताधावता ती सहा अक्षरं दाबली की समोर रणगाडा हजर व्हायचा. ‘ॲस्पिरिन’ टाइप केलं की तब्येत शंभरावर यायची, ‘लीव्ह मी अलोन’ टाइप केलं की मागे लागलेले पोलीस पाठ सोडायचे. वहीच्या शेवटच्या पानावर उतरवलेले हे चीट कोड शाळेत हातोहात फिरत. स्विचवर त्याच रणगाड्यासाठी ए दोनदा, एल, ए तीनदा, पुन्हा एल, मग झेडएल, आर, एक्स, ए, एक्स अशी बारा बटणं ओळीनं दाबावी लागतात. रणगाडा येतो, पण बोटांची जुनी सवय इथे कामाला येत नाही.

नव्या रूपातला हा गेम ११ नोव्हेंबर २०२१ रोजी बाजारात आला. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ मालिकेतले २००१, २००२ (हाच ‘व्हाइस सिटी’) आणि २००४ (‘सॅन अँड्रियास’) सालचे तीन गेम निर्माती कंपनी रॉकस्टारनं ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ या नावानं एकत्र काढले. काम ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स या स्टुडिओकडे होतं. भारतात निन्टेन्डो अधिकृतपणे स्विच विकत नाही. त्यामुळे इथल्या माणसाला तो ग्रे मार्केटमधून घ्यावा लागतो, नाहीतर परदेशातून कुणाबरोबर तरी मागवावा लागतो. एवढी खटपट करून लोक विसेक वर्षांपूर्वीचा गेम पुन्हा खेळायला बसतात, यावरूनच त्याची ओढ कळावी.

आणि सुरुवातीला पदरात पडली निराशा. जुनी चित्रं मोठी आणि स्वच्छ करण्याचं बरंचसं काम यंत्रावर सोपवलं होतं. यंत्राला चित्राचा अर्थ कळत नाही. ‘सॅन अँड्रियास’मधल्या एका डोनटच्या दुकानावर भलाथोरला षटकोनी नट होता, कारण दुकानाच्या नावातच नट होता. नव्या आवृत्तीत त्याचे कोपरे घासून तो गुळगुळीत गोल झाला आणि पाटीतली गंमतच गेली. पाऊस असा पडू लागला की जाड पांढऱ्या रेघांमागे रस्ता दिसेना. पात्रांचे चेहरे रबरी बाहुल्यांसारखे झाले. आठवडाभरात रॉकस्टारला जाहीर माफी मागावी लागली.

धुक्याची गोष्ट मात्र जास्त विचार करायला लावणारी आहे. हे गेम मुळात ज्याच्यासाठी बनले, त्या प्लेस्टेशन २ कडे मेमरी होती फक्त ३२ एमबी. सगळं शहर एकदम उभं करणं शक्यच नव्हतं, म्हणून दूरचा भाग धुक्यात, धुरकट उजेडात झाकला जायचा. नव्या यंत्रांना ती अडचण नाही, तेव्हा धुकं काढून टाकलं. त्याबरोबर ‘सॅन अँड्रियास’च्या डोंगरमाथ्यावरून पलीकडचं शहर थेट दिसू लागलं, आणि जो प्रदेश एखाद्या राज्याएवढा वाटायचा तो एका नजरेत मावला. तंत्राची मर्यादा म्हणून घातलेल्या पडद्यानं त्या जगाला विस्तार दिला होता. नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये जुन्या धाटणीचा उजेड परत आणण्याची सोय आली, आणि त्यानंतर ‘व्हाइस सिटी’चं संध्याकाळचं आकाश पुन्हा ओळखीचं वाटू लागलं. तीन वर्षं उशिरा का होईना, हे काम झालं ते फार बरं झालं.

काही बदल मात्र मनापासून हवेसे आहेत. खेळण्यातलं हेलिकॉप्टर उडवून बांधकाम चालू असलेल्या इमारतीत चार बॉम्ब ठेवायचं ते मिशन आठवतं? घड्याळ चालू, जिना अरुंद, मजूर हातोडे घेऊन अंगावर येणारे. कीबोर्डवर एका हाताने उंची आणि दुसऱ्या हाताने दिशा सांभाळताना किती जणांची गाडी तिथेच कायमची अडली! कॅफेत तासाचे पैसे संपत आलेले असायचे, आणि गेम सेव्ह करायला जागा अवघ्या आठ. आपण सेव्ह केलेल्या गेमवर दुसऱ्या दिवशी भलताच कुणी आपला गेम सेव्ह करून गेलेला असायचा. आता हँडहेल्डच्या दोन जॉयस्टिकनी तेच हेलिकॉप्टर बरंच सरळ उडतं, आणि मिशन हुकलं तर तिथल्या तिथे पुन्हा सुरू करता येतं.

नकाशावर रंगीत रेघ ओढून वाट दाखवण्याची नवी सोय मात्र तितकी निर्मळ नाही. मूळ गेममध्ये कोपऱ्यात लहानसं गोल रडार असायचं, त्यावर चार खुणा. रस्ता शोधायचा आपणच. त्यामुळे ओशन बीचवरून मालिबू क्लबला कसं जायचं, स्टारफिश आयलंडचा पूल कुठे लागतो, रंगाचं दुकान कोणत्या गल्लीत, हे मुलांना आपल्या पेठेइतकं पाठ झालं होतं. अमेरिकेतल्या मायामीवरून रचलेलं १९८६ सालचं हे शहर मराठी मुलांना असं पायाखालचं झालं ते चुकत चुकत फिरल्यामुळे. रेघेच्या मागे जाणारा नवा खेळाडू मिशन लवकर संपवतो, पण शहर त्याच्या डोक्यात बसत नाही.

गेममधल्या गाड्यांत वाजणाऱ्या रेडिओचं तर आणखीच वेगळं. मायकेल जॅक्सनचं ‘बिली जीन’, ओझी ऑझबर्नचं ‘बार्क ॲट द मून’ ही गाणी नव्या आवृत्तीत नाहीत. गाण्यांचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात, मुदत संपली की गाणं काढावं लागतं. जगभरच्या चाहत्यांना ते फार लागलं. पण भारतात त्या काळी फिरणाऱ्या कितीतरी कॉप्यांमध्ये मुळात रेडिओच नव्हता. अधिकृत गेम दोन सीडींवर यायचा. चोरट्या कॉप्या काढणारे आवाजाच्या फाइली गाळून तो एका सीडीत बसवत. अशा कॉपीवर खेळलेल्यांच्या आठवणीतल्या गाड्या फक्त इंजिनाचा आवाज करतात. स्विचला हेडफोन लावून ते आज पहिल्यांदा एखादं स्टेशन लावतात, गेमचा नायक टॉमी व्हर्सेटीला दिलेला अभिनेता रे लिओटाचा आवाज ऐकतात, आणि तेव्हा कळतं की हा गेम ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकेवर, तिच्या जाहिरातींवर आणि पैशाच्या हावेवर केवढी बोचरी टीका करत होता. गेम होताच प्रौढांसाठी. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी त्यातली मारधाड तेवढी उचलली, बाकीचं आता हाती लागतंय. पुन्हा खेळण्याचं खरं सुख इथे आहे.

म्हणूनच नव्याबरोबर जुनंही मिळालं पाहिजे. डेफिनिटिव्ह एडिशन येण्याआधी मूळ तिन्ही गेम ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले होते. ओरड झाल्यावर त्यांच्या पीसी आवृत्त्या परत आणल्या गेल्या. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात सरळपणे विकत मिळत नाहीत. तेव्हा कुणाच्या घरी माळ्यावर ‘व्हाइस सिटी’च्या सुरुवातीच्या त्या दोन अस्सल सीडी पडून असतील, तर आवराआवरीत फेकू नका. एकही गाणं न गाळलेली आवृत्ती त्यांच्यावर आहे.