कुंपण आणि धुरा
कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न आपल्या म्हणीने पिढ्यान्‌पिढ्या विचारला असला, तरी गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांना बहुधा कुंपण नसतेच. तेथे असतो तो धुरा, जो पाणी अडवितो, तुरीच्या ओळीला जागा देतो, पण ढोरांना अडवीत नाही. पीक राखायचे ते गुराख्याने, आणि शेजारच्या बांधीतून वेळेवर आलेल्या हाकेने. इतके करूनही ढोर शिरलेच, तर कोंडवाडा आहे, दंड आहे, आणि या साऱ्यामागे १८७१ सालचा कायदाही आहे.

शिरलेल्या ढोराचा असा चोख बंदोबस्त करणाऱ्या सरकारने कुंपणासाठी, म्हणजे राखण करणाऱ्या पोलिसांसाठी, कोंडवाडा कधी बांधला, याचा शोध घेऊ लागलो की मन गोंदियाहून दक्षिणेस जाणाऱ्या लोहमार्गाने वडशापर्यंत जाते. वडसा म्हणजेच देसाईगंज; तेथल्या पोलीस ठाण्यातच २६ मार्च १९७२ च्या रात्री आपल्यावर अत्याचार झाल्याची फिर्याद एका आदिवासी मुलीने केली. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना दोषमुक्त केले. १९७९ साली चार कायदेपंडितांनी त्या निकालाविरुद्ध खुले पत्र लिहिले. आणि १९८३ मध्ये बलात्काराविषयीचा कायदा बदलला. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे स्थापावीत, हा आदेश निघायला मात्र २२ सप्टेंबर २००६ हा दिवस, म्हणजे प्रकाश सिंह खटल्याचा निकाल, उजाडावा लागला, आणि महाराष्ट्राच्या पोलीस कायद्यात त्याला जागा मिळायला २०१४ साल.

प्रकाश सिंह खटल्याच्या निकालाला सात दिवस होतात न होतात तोच, १९९९ पर्यंत आमच्या गोंदियाचाही जिल्हा असलेल्या भंडाऱ्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. पोलीस वेळेवर पोहोचले नाहीत. पुढे काहींना निलंबित करण्यात आले. येथे कुंपणाने काही खाल्ले नव्हते. ते केवळ उभे राहिले होते. खाणाऱ्या कुंपणाच्या तोंडी निदान पीक तरी सापडते; परंतु जे नुसते उभे राहिले, त्याचा पंचनामा कोणत्या कलमाखाली करावा? जो गुन्हा वेळीच टळला त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, आणि जो टाळता आला असता तो टाळला गेला नाही, याचा जाब निलंबनाच्या एका हुकुमात कितीसा मावणार?

म्हणून पुष्कळदा वाटे की कुंपणाचा भरवसा सोडून धुऱ्याचाच धर्म पत्करावा, गावाने गावाची राखण करावी, आणि पोलीस पाटलाचे पद त्याच विश्वासावर टिकले असावे. पण खैरलांजीत शस्त्रे घेऊन आले ते गावातलेच लोक होते. शेजाऱ्याच्या हाकेवर विसंबणे ज्या घराच्या नशिबी नाही, त्याला ठाण्यावाचून दुसरा आसरा नाही. आणि ज्या मुलीने ठाण्यातच अत्याचार झाल्याचे सांगितले, तिला ठाण्याचाच आसरा घे असे कोणत्या तोंडाने सांगावे, हे मला आज पूर्वीपेक्षाही कमी उमगते.