मुकी डिस्क

घरच्या सर्व्हरवर एखादी डिस्क दिसेनाशी झाली की आपण आधी स्क्रीनकडे धावतो. मी पंखा बंद करतो, खिडकी लावून घेतो आणि कान देतो. साडेतीन इंची डिस्क जागी होताना बारीक घरघर सुरू होते, चढत चढत एका सुरावर स्थिरावते, मग आतला हात तबकडीवर सरकल्याचं हलकं ‘कट्’ येतं. एवढं ऐकू आलं की वीज पोचली म्हणायची. अडलंय ते बहुतेक डेटा केबलपाशी. टक्-टक्-टक् असा एकाच ठेक्यातला आवाज आला, तर तिथेच वीज तोडावी. पुन्हा पुन्हा चालू करून बघण्यात तबकडी खरवडली जाण्याची भीती असते.

आणि काहीच ऐकू आलं नाही तर? डिस्क गेली असं धरून चालू नये.

साटाच्या पॉवर कनेक्टरला १५ पिना असतात. पहिल्या तीन पूर्वी ३.३ व्होल्टसाठी राखलेल्या होत्या, पण मोठ्या डिस्कना त्यांची गरज सहसा पडलीच नाही. पुढे साटा ३.३ या आवृत्तीत तिसऱ्या पिनेला नवं काम मिळालं. तिच्यावर व्होल्टेज आलं की डिस्कने बंद राहायचं. डेटा सेंटरमध्ये अडून बसलेली डिस्क लांबूनच बंद-चालू करता यावी, म्हणून ही सोय. जुना पॉवर सप्लाय मात्र त्या पिनेवर इमानेइतबारे ३.३ व्होल्ट देतच राहतो, आणि यूएसबीच्या खोक्यातून काढलेली नवी धडधाकट डिस्क हुकूम मानून गप्प बसते. किती चांगल्या डिस्क अशा ‘डेड’ म्हणून परत गेल्या असतील!

इलाज आहे कॅप्टॉन टेपचा. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे पिवळसर-तपकिरी, उष्णता सोसणारी पारदर्शक पट्टी असते, तीच ही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते. तिचा नखाहून अरुंद तुकडा चिमट्याने उचलायचा, श्वास रोखून पहिल्या तीन सोनेरी पट्ट्यांवर बसवायचा, चौथीला स्पर्श होऊ द्यायचा नाही. मोलेक्सचा अडॅप्टर लावूनही डिस्क जागी होते, कारण त्यात ३.३ व्होल्टची तारच नसते. पण एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेले स्वस्त अडॅप्टर जळाल्याची उदाहरणं आहेत. ते मी घरात आणू देणार नाही.

कधी दोष डिस्ककडे नसतोच. एम.२ खाचेत नवी एसएसडी बसवली की काही मदरबोर्ड एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद करतात. मॅन्युअलच्या तळटीपेत ते लिहिलेलं असतं. केबलही झिजते. घरातल्या साटा केबलचा जोड साधारण ५० वेळा काढ-घाल सोसेल, इतकाच धरलेला असतो. डिस्क अधूनमधून दिसत असेल, तर डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदींतला १९९ क्रमांक बघावा. सीआरसीच्या चुकांचा तो आकडा वाढत असेल, तर आधी केबल बदलावी.

या सगळ्यात एका बटणाला मात्र हात लावू नये. डिस्क अर्धवट ओळखली गेली की सिस्टीम ‘इनिशियलाइझ करू का?’ असं सौजन्याने विचारते. आत आजीच्या ओव्या असतात, कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या, तिच्या खोकल्यासकट. सिस्टीमला ते कुठून कळणार? सिस्टीम डिस्कना देते ती एसडीए, एसडीबी ही नावंही रीस्टार्टनंतर बदलू शकतात, म्हणून प्रत्येक ट्रेवर सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहिलेले बरे.

मग डिस्क दिसू लागली की लगेच दुसरी डिस्क जोडायची आणि कॉपी लावायची. आधी आवाजांचं फोल्डर, मग फोटो. सिनेमे पुन्हा मिळतात.